जिथे नदी वळली

पत्र्याच्या शेडमध्ये एक नदी आडवी ठेवली आहे,
मीटर-मीटरचे तुकडे करून, लाकडी खोक्यांत.
प्रत्येक तुकड्यावर बाण काढतो आम्ही, वरची बाजू कळावी म्हणून.
तो चुकला, की तीस कोटी वर्षं
उलटी वाचली जातात.

ओलं फडकं फिरवलं की रंग वर येतो.
तळाशी चुनखडी. आम्लाचा थेंब पडताच फसफसते:
शान्शीच्या या कोरड्या डोंगरांत समुद्र होता, उथळ.
मग तो मागे सरला,
चिखलात किड्यांची बिळं तेवढी राहिली,
आणि त्यावर कोळसा, साडेसहा मीटर.
एवढं जंगल. पाण्याखाली दबलेलं,
धड कुजायलाही सवड न मिळालेलं.

कोळशाच्या पोटात वायू असतो, हे पोरंही सांगतील.
खरा प्रश्न, शेजारी राहायला कोण आलं.

भर प्रवाहातून वाळू आली असेल,
जाडीभरडी, धुतलेली, चिखलाचा कण नसलेली,
तर दाण्यादाण्यांमध्ये जागा राहते,
कोळशातून निसटलेलं तिथे मावतं.
आणि वरून गाळ बसला असेल,
पूर ओसरल्यावर, दमलेल्या पाण्यातून, सायीसारखा,
तर तो दार लावून घेतो.
दोघांची भेट व्हावी लागते. बहुतेकदा होत नाही.

सात नंबरची विहीर मी सांगितली होती.
मी, वेन शूयिंग, हाताखाली दोन मुलं, टेबलावर निळी पेन्सिल.
आजूबाजूच्या दोन विहिरी जोडून
मी नदीचं पात्र काढलं, सरळ, ऐटीत.
राळ्याच्या पायरी-शेतांत यंत्र उभं राहिलं, एकोणीस दिवस.
वर आला करडा, गुळगुळीत खडक.
चिमूटभर दातांखाली धरला; आमच्या धंद्यात तशी रीत आहे.
कचकचला तर रेती, विरघळला तर नुसता गाळ.
लोण्यासारखा विरघळला.
मी माती खाल्ली,
दोन्ही अर्थांनी.

नदी तिथवर गेलीच नव्हती.
आधीच कुठेतरी वळली होती.
आडवं पडलेलं झाड, एखादा उंचवटा,
एका वर्षीचा जास्तीचा पूर: काहीही असेल.

लाओ खांग त्या दिवशी काही बोलला नाही.
तो रात्रपाळीला कोळशाचे डबे सांभाळतो.
ताजा कोळसा, घट्ट झाकण, नळी, काचेचं मापपात्र.
कोळसा सोडतो तेवढा वायू मोजायचा, वहीत मांडायचा.
बत्तीस वर्षं हाच माणूस खाणीत वायू तपासत होता.
"तिथे ह्याला हाकलत होतो," म्हणाला,
"पंखे लावून, शिव्या घालून.
आता पाव्हण्यासारखा मोजून घेतो.
बुडबुडा तोच. माझीच नोकरी उलटी झाली."
आणि थर्मासमधली राळ्याची पेज माझ्यापुढे सरकवली.

पेज पिता पिता खोकी पुन्हा उघडली.
गाळात, अगदी खाली, बोटभर रेतीची पट्टी.
पहिल्यांदा मी तिच्यावरून फडकं फिरवून पुढे गेले होते.
तुकडा पाण्यात बुडवला.
एक बुडबुडा. मग ओळीनं चार, मुंग्यांसारखे.
काठ फुटून उसळलेली वाळू होती ती,
म्हणजे नदी लांब नव्हती,
म्हणजे त्या रात्री, ज्या रात्री ऐकायला कुणी नव्हतं,
ती इथून जवळच गरजत होती.

पहाटे ह्वांग-होच्या काठावर गेले.
वळणाच्या आतल्या बाजूला पिवळी वाळू टाकत होती नदी,
पलीकडचा काठ खात होती.
एक म्हातारी वाळवणातली बोरं पाखडत होती.
तिनं विचारलं, काय हरवलं?
मी म्हटलं, असंच एक वळण.
तिला ते खरंच वाटलं. तिनं थोडं शोधलंही.

परत येऊन निळी रेघ खोडली.
कागद तिथे जरा झिजलाय.
नवी रेघ साध्या पेन्सिलीनं, वाकडी, तुटक,
दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह.
तेवढ्यात पलीकडून लाओ खांगची हाक:
"बारा मिलिलिटर. लिही."